बॅटरी विकत की भाड्यानं? विडा व्हीएक्स२ गो, नागपूरच्या हिशोबानं

हिरो मोटोकॉर्पची विडा व्हीएक्स२ गो जुलै २०२५ मध्ये बाजारात आली, तेव्हा तिच्या दोन किमती होत्या. बॅटरीसकट घेतली तर एक्स-शोरूम ९९,४९० रुपये. बॅटरी भाड्यानं ठेवली तर गाडी ५९,४९० रुपयांना आणि वर किलोमीटरमागे ९६ पैसे भाडं. सुरुवातीच्या सवलतीत भाड्याच्या गाडीचा आकडा ४४,९९० पर्यंतही खाली आला होता. हे आकडे हलत असतात, त्यामुळे शोरूममध्ये जाल त्या दिवशीचं कोटेशन लेखी घ्या. दोन किमतींमधला ४० हजारांचा फरक लक्षात ठेवा. या गाडीचा सगळा हिशोब त्याच्याभोवती फिरतो.

पेट्रोलची स्कूटर घ्यावी की ही, असा विचार करणाऱ्या नागपूरच्या साध्या नोकरदार घरासाठी हे परीक्षण आहे. गाडी दिसायला नीट आहे आणि चालायला सोपी आहे. सीटखाली ३३ लिटरची जागा आहे, त्यात हेल्मेट आणि भाजीची पिशवी दोन्ही मावतात. कमाल वेग ताशी ७० किलोमीटर, शहरात तेवढा पुरे. पुढे-मागे दोन्हीकडे ड्रम ब्रेक आहेत आणि या किमतीत ते चालण्यासारखे आहेत. डबलसीट बसून वर्धा रोडच्या डबलडेकर पुलावरून उतरताना मात्र ब्रेक थोडा आधीपासून दाबायची सवय ठेवा. गाडीबद्दल एवढं पुरे. खिशाला कात्री कुठं लागते आणि पैसा कुठं वाचतो, ते सविस्तर पाहू.

बॅटरी २.२ किलोवॉट-तासांची आहे (एक किलोवॉट-तास म्हणजे बिलावरचं एक युनिट) आणि कंपनीची प्रमाणित रेंज ९२ किलोमीटर. प्रमाणित रेंज ठरलेल्या चाचणीत, ठरलेल्या वेगानं काढतात. सीताबर्डीची गर्दी, मागं बसलेला माणूस आणि दर सिग्नलला जोरात पिळलेला थ्रॉटल यात ती मिळत नाही. रोजच्या वापराला ६० धरून चला, हात हलका असेल तर ६५. बॅटरी शून्यावर नेऊ नये म्हणून खात्रीचं अंतर ५०. मानेवाड्याहून धरमपेठेत जाऊन परत, हुडकेश्वरहून हिंगणा एमआयडीसीत जाऊन परत, मधे पोरांच्या शिकवणीची एक फेरी, एवढं या ५० मध्ये बसतं. सीताबर्डीहून बुटीबोरी एमआयडीसी जाऊन-येऊन साठच्या आसपास जाते आणि तिथं रस्ता मोकळा असल्यानं वेगही जास्त राहतो. बुटीबोरीला रोज जाणाऱ्यानं ही गाडी घेऊ नये. कारखान्यात चार्ज करायची सोय असेल तर गोष्ट वेगळी, पण ती सोय आधी डोळ्यांनी बघा, कुणाच्या तोंडी शब्दावर राहू नका.

आता पैसे. रोज ३० किलोमीटर आणि महिन्याचे २५ दिवस धरले तर ७५० किलोमीटर होतात. ४५ चा ॲव्हरेज देणारी पेट्रोल स्कूटर त्याला साधारण पावणेसतरा लिटर पिते. पेट्रोल १०४ रुपये धरलं तर महिन्याचे १,७३० रुपये. विजेच्या गाडीला ६० किलोमीटरला एक चार्ज लागतो, म्हणजे महिन्याला साडेबारा चार्ज. बॅटरी २.२ ची असली तरी चार्जर गरम होताना थोडी वीज वाया जाते. मीटरवर एका चार्जला अडीच युनिट पकडा, म्हणजे महिन्याला ३१ युनिट.

इथं बहुतेकांचा हिशोब चुकतो. महावितरणच्या बिलावरची एकूण रक्कम एकूण युनिटनं भागून सरासरी दर काढतात आणि तोच स्कूटरला लावतात. घरगुती वीज टप्प्यांनी महाग होत जाते. पहिले १०० युनिट स्वस्त, १०१ पासून दर जवळपास दुप्पट, ३०१ पासून आणखी चढा आणि ५०० च्या वर सर्वांत महाग. स्कूटरचे ३१ युनिट घरातल्या बाकी वापराच्या वर चढतात, म्हणून त्यांना तुमच्या शेवटच्या टप्प्याचा दर लागतो. घरात पंखे, फ्रिज आणि टीव्ही मिळून १५० युनिट होत असतील, तर वहन आकार (वीज घरापर्यंत आणण्याचे पैसे) आणि वीज शुल्क धरून युनिटला १३ रुपये पकडा. म्हणजे महिन्याचे ४०० रुपये. मे महिन्यात दोन कूलर आणि एक एसी चालणाऱ्या घराचा वापर तीनशे युनिटच्या पुढं जातो, तेव्हा तीच स्कूटर महिन्याला शे-दीडशे रुपये जास्त खाते. जुनं बिल काढा, मागच्या पानावरचा टप्प्यांचा तक्ता बघा आणि स्वतःचा आकडा टाका. छतावर सोलर असेल आणि दिवसाचे युनिट उरत असतील, तर हा खर्च जवळपास नाहीसाच होतो. नागपुरात आता असे छत खूप आहेत.

पेट्रोलचे १,७३० आणि विजेचे ४००. महिन्याला १,३३० रुपये वाचले. आता त्या ४० हजारांकडे या. बॅटरीचे ४० हजार १२ टक्के व्याजानं तीन वर्षांच्या कर्जावर घेतले, तर हप्ता येतो १,३२९ रुपये. महिन्याला ७५० किलोमीटर चालणाऱ्या घरात बॅटरीचा हप्ता वाचलेल्या पेट्रोलमधूनच फिटतो. तीन वर्षांत व्याजाचे ७,८०० रुपये जातात, आणि मग बॅटरी तुमची. पुढं महिन्याला फक्त विजेचे पैसे.

भाड्यानं घेतली तर ७५० किलोमीटरचे ९६ पैशांनी ७२० रुपये. वीज धरून १,१२० होतात आणि पेट्रोलच्या तुलनेत महिन्याला ६०० च्या आसपास वाचतात. खिशावरचा ताण पहिल्या दिवसापासून कमी, हे खरं. पण भाडं संपत नाही. ४० हजारांचं भाडं भरायला ४१,६६७ किलोमीटर चालावं लागतं, म्हणजे ७५० च्या चालीनं साडेचार वर्षांहून थोडं जास्त. त्यानंतरही भाडं चालूच.

म्हणून आमचं मत साधं आहे. दिवसाला पंचवीस-तीस किलोमीटर चालवणारा आणि बँकेतून किंवा पतसंस्थेतून कर्ज मिळणारा माणूस बॅटरीसकट गाडी घेईल तर शहाणपणाचं. भाड्याची योजना दोन प्रकारच्या लोकांच्या कामाची आहे. एक, ज्यांच्याकडं आज ६० हजार आहेत पण कर्जाची फाइल मंजूर होत नाही. हातावर पोट असणारे, रोजंदारीचे, पगाराची पावती नसलेले. त्यांना एरवी सावकाराच्या व्याजानं जुनी पेट्रोलगाडी घ्यावी लागते, आणि त्यापेक्षा हे कितीतरी बरं. दोन, खूप चालवणारे. घरपोच जेवण किंवा पार्सल पोहोचवणारा मुलगा महिन्याला १,५०० किलोमीटर सहज करतो. त्याची बॅटरी वर्षाला तीनशे चार्ज खाते आणि १८ हजार किलोमीटर होतात. वॉरंटीच्या कागदावर वर्षं आणि किलोमीटर दोन्ही असतात आणि पुढं लिहिलेलं असतं, 'जे आधी संपेल ते'. या मुलाचे किलोमीटर आधी संपतात. भाड्याच्या योजनेत बॅटरीची क्षमता ७० टक्क्यांखाली गेली तर बदलून देण्याची हमी आहे. आकड्यांत पाहिलं तर त्याला विकतची बॅटरी स्वस्त पडते, कारण २८ महिन्यांत भाड्याचे ४० हजार होतात. पण झिजलेल्या बॅटरीची जोखीम भाड्यात दुसऱ्याच्या अंगावर राहते. ही जोखीम १,५०० किलोमीटर चालवणाऱ्याला खरी आहे, ७५० वाल्याला फारशी नाही.

थोडं चालवणाऱ्यांनी मात्र सावध राहावं. दिवसाला बारा किलोमीटर, महिन्याला ३०० असं ज्यांचं आहे, त्यांचं पेट्रोल ६९० रुपयांचं आणि वीज १६० ची. भाडं खरोखर किलोमीटरवर असेल तर २८८ रुपये, म्हणजे महिन्याला २४० वाचतील. पण करारात महिन्याची किमान रक्कम किंवा किमान किलोमीटर ठरवले असतील, आणि समजा ते ७५० असतील, तर गाडी घरी उभी राहिली तरी ७२० भरावे लागतील. वीज धरून ८८० होतात, म्हणजे पेट्रोलपेक्षा महाग. '९६ पैसे' हे जाहिरातीत लिहिलेलं असतं, खरं कलम करारात असतं. सही करण्याआधी चार गोष्टी बोट ठेवून वाचून घ्या: महिन्याची किमान रक्कम किती, करार किती महिन्यांचा, मधेच बॅटरी विकत घ्यायची झाली तर किती पडेल, आणि हप्ता चुकला तर बॅटरी दुरून बंद केली जाते का. पाचवी गोष्ट गाडी विकतानाची. बॅटरी तुमची नसेल तर जुनी गाडी घेणाऱ्याला करार नावावर करून घ्यावा लागेल. तो नको म्हणाला तर तुमच्या हाती बिनबॅटरीची गाडी उरते.

या गाडीची नागपूरसाठी सर्वांत मोलाची गोष्ट मात्र किंमत नाही. बॅटरी काढून घरात नेता येते, ही आहे. सीट उचला, लॉक सोडा, मुठीला धरून ओढा, बॅटरी हातात. वजन दहा किलोच्या वर, म्हणजे गव्हाची पिशवी उचलल्यासारखं. मनीषनगर, बेसा, नरेंद्रनगरच्या अनेक फ्लॅट स्कीममध्ये पार्किंगला साकेट नसतं, आणि सोसायटीकडून परवानगी काढेपर्यंत वर्ष जातं. तिथं बॅटरी न निघणारी गाडी घेऊन उपयोग नाही. तिसऱ्या मजल्यावर लिफ्ट नसेल तर रोज पिशवी चढवायला होईल का, हे मात्र घरातल्या प्रत्येक चालवणाऱ्यानं शोरूममध्ये स्वतः उचलून बघावं. सासूबाई किंवा कंबरदुखी असलेले वडील चालवणार असतील तर हा मुद्दा किमतीपेक्षा मोठा आहे.

दुसरं कारण ऊन. २३ मे २०१३ ला नागपुरात ४७.९ अंशांची नोंद झाली, आणि नवतपात, म्हणजे मे अखेरच्या तापत्या नऊ दिवसांत, ४४-४५ तर आपल्याला नेहमीचेच. लिथियम-आयन सेल चार्ज करायची वरची मर्यादा साधारण ४५ अंश मानतात. दुपारी तीनला उन्हातून आलेल्या गाडीच्या सीटखाली सेलचं तापमान याच्या वर असू शकतं. अशा वेळी प्लग लावला तर बॅटरीच्या आतली नियंत्रण यंत्रणा, म्हणजे बीएमएस, करंट कमी करते किंवा चार्ज सुरूच करत नाही. लोक म्हणतात चार्जर बिघडला. चार्जर बिघडलेला नसतो, बॅटरी स्वतःला वाचवत असते. बॅटरी वर आणा, पंख्याखाली फरशीवर पाऊण-एक तास राहू द्या, मग लावा. ओल्या फडक्यानं पुसून किंवा कूलरच्या झोतात धरून गार करायला जाऊ नका, कनेक्टरमध्ये पाणी गेलं तर वेगळीच भानगड होते.

उन्हाचा खरा मार हळूहळू बसतो. पूर्ण भरलेली बॅटरी तापली की सेल लवकर म्हातारे होतात. म्हणून एप्रिल ते जूनमध्ये रोज शंभर टक्के भरू नका, ८० वर काढा. संध्याकाळी आल्याबरोबर भरून रात्रभर शंभरवर ठेवण्यापेक्षा पहाटे उठून लावा, निघेपर्यंत भरते. गाडीसोबतच्या ५८० वॉटच्या चार्जरनं शून्य ते शंभरला चार तास लागतात, म्हणजे २० ते ८० ला अडीच तासांच्या आत. आणि आठवडाभर गावाला जाणार असाल तर बॅटरी ५०-६० टक्क्यांवर ठेवून घरात सावलीत ठेवा, पत्र्याच्या शेडमध्ये नाही.

साकेटकडं लोक बघतच नाहीत. ५८० वॉटचा चार्जर अडीच अँपिअर ओढतो, एवढं कुठलंही साकेट देईल. पण चार तास सलग ओढतो, आणि जुन्या घरांतली साकेटं सैल झालेली असतात. सैल पिनेवर ठिणगी पडते आणि ती जागा तापते. महिन्याभरात प्लगच्या एका पिनेभोवतीचं प्लास्टिक पिवळं, मग तपकिरी होतं आणि करपल्याचा वास येतो. अर्ध्या तासानं प्लगला हात लावून बघा. कोमट ठीक, चटका बसला तर साकेट बदला. आयएसआय मार्कचं १६ अँपिअरचं साकेट आणि नीट अर्थिंग मिळून काही शे रुपयांचं काम आहे. इलेक्ट्रिशियनला न्यूट्रल आणि अर्थमधला व्होल्टेज मोजायला सांगा. तो दोन-तीन व्होल्टच्या आत हवा. महाल-इतवारीतल्या जुन्या वाड्यांत अर्थिंगची तार साकेटपर्यंत येते आणि पुढं कुठंच जात नाही, असं वारंवार सापडतं. एक्स्टेन्शन बोर्डवर चार्जिंग नको. बॅटरी घराच्या एकमेव दाराशी, गादीजवळ किंवा गॅसजवळ ठेवू नका. काही अघटित झालं तर बाहेर पडायची वाट मोकळी हवी.

पावसाळ्यात लोहापूल आणि नरेंद्रनगरच्या पुलाखाली पाणी भरतं, हे सगळ्यांना माहीत आहे. ई-स्कूटरच्या बॅटरीला बहुधा आयपी६७ दर्जा असतो. त्याचा अर्थ एक मीटर स्थिर पाण्यात अर्धा तास टिकणं, रोज गुडघाभर वाहत्या पाण्यातून जाणं नव्हे. शिवाय हा दर्जा बॅटरीचा, आजूबाजूच्या प्रत्येक कनेक्टरचा नाही. २३ सप्टेंबर २०२३ च्या पुरासारखी वेळ आली आणि गाडी पार्किंगमध्ये बुडाली, तर पाणी उतरल्यावर चालू करून बघायचा मोह आवरा. चार्जरही लावू नका. बॅटरी काढून मोकळ्या जागेत ठेवा आणि सर्व्हिस सेंटरला कळवा. विम्यात पुराचं नुकसान धरलेलं आहे का, हे पॉलिसी घेतानाच बघायचं.

खरेदीच्या कागदांत दोन-तीन ओळी तपासा. केंद्राच्या पीएम ई-ड्राइव्हचं अनुदान २०२५-२६ साठी किलोवॉट-तासाला २,५०० रुपये आणि गाडीमागे जास्तीत जास्त ५,००० होतं. आदल्या वर्षी याच्या दुप्पट होतं. अनुदान चालू असेल तर ते किमतीतून आधीच वजा होतं, पण त्यासाठी तुमच्या आधारवर ई-व्हाउचर निघून मोबाइलवर यायला हवं. व्हाउचर नाही आलं तर वजावट बिलावर दाखवायला सांगा. विजेच्या गाडीवर जीएसटी ५ टक्के आहे. राज्याच्या २०२५ च्या ईव्ही धोरणात मोटार वाहन कर माफ आहे, तरी काही कोटेशनमध्ये 'आरटीओ व इतर' अशी जाडजूड रक्कम दिसते. त्यातलं 'इतर' म्हणजे काय ते एकेक ओळ करून मागा. चार्जर किमतीत धरलेला आहे हेही लिहून घ्या. सप्टेंबर २०२५ पासून पेट्रोल स्कूटरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. त्यामुळे दोन्हींच्या किमतीतलं अंतर विजेच्या गाडीच्या विरोधात सरकलं आहे, आणि कमी चालवणाऱ्याला पेट्रोलची गाडी आजही वाईट नाही. हे नाकारून ईव्ही विकणं बरोबर नाही.

कमी पैशांत म्हणून ताशी २५ किलोमीटरच्या, लायसन्स-पासिंग न लागणाऱ्या स्कूटरही दुकानोदुकानी मिळतात. त्यांतल्या पुष्कळ गाड्यांत लेड-ॲसिड बॅटऱ्या असतात. नागपूरच्या उन्हात त्या दीड-दोन वर्षांत बसतात आणि पूर्ण संच बदलावा लागतो. दुकानदार 'वेग वाढवून देतो' म्हणाला तर निघून या. वेग वाढवलेली गाडी नोंदणी नसलेली मोटारसायकल ठरते आणि अपघात झाला तर विमा नाही.

तळमजल्यावर स्वतःचं घर, अंगणात साकेट आणि सावलीची शेड असेल, तर बॅटरी निघते की नाही याला महत्त्व राहत नाही. त्यांनी टीव्हीएस आयक्यूबचं २.२ किलोवॉट-तासांचं मॉडेलही चालवून बघावं. तिची बॅटरी निघत नाही, पण चार्जर ९५० वॉटचा असल्यानं शून्य ते ८० दोन तासांत होतं आणि बाजारात आणताना कंपनीनं स्वतःच ७५ किलोमीटरची रेंज सांगितली होती, म्हणजे कागद आणि रस्ता यांत फरक कमी.

फास्ट चार्जिंगवर या गाडीचा हिशोब बांधू नका. विडा आणि एथर (ई-स्कूटर बनवणारी दुसरी कंपनी) यांचा फास्ट चार्जरचा प्लग एकच आहे, त्यामुळे दोघांचीही केंद्रं वापरता येतात आणि अडीनडीला तासाभरात ८० टक्के होतं. पण मे महिन्याच्या दुपारी तापलेल्या बॅटरीवर हाच वेळ लांबतो, आणि रोज फास्ट चार्ज करणाऱ्याची बॅटरी लवकर झिजते.

पन्नासच्या वर रोजचं अंतर असेल तर गो सोडा आणि व्हीएक्स२ चंच प्लस मॉडेल बघा. त्यात मिळून ३.४ किलोवॉट-तासांच्या दोन सुट्या बॅटऱ्या आहेत, पुढं डिस्क ब्रेक आहे, प्रमाणित रेंज १४२ किलोमीटर. सुरुवातीची किंमत बॅटरीसकट १,०९,९९० होती, म्हणजे फक्त साडेदहा हजार जास्त. सीटखालची जागा २७ लिटरवर येते. कमी अंतर असणाऱ्यालाही एक फायदा आहे: दोन बॅटऱ्या म्हणजे एका वेळी एकच वर न्यायची, दुसरी उद्या. लिफ्ट नसलेल्या तिसऱ्या मजल्यासाठी साडेदहा हजार वसूल होतात.

गाडी ताब्यात घेताना बॅटरीवरचा अनुक्रमांक बिलावरच्या आणि वॉरंटी कार्डावरच्या क्रमांकाशी जुळवून घ्या, भाड्याची असेल तर करारावरच्या क्रमांकाशीही. तिन्हींचे फोटो मोबाइलमध्ये ठेवा. पुढं बॅटरी बदलून मागायची वेळ आली की काउंटरवर पहिला प्रश्न याच क्रमांकाचा विचारतात.